कुकर वाफ धरत नाही, डाळीचं पाणी उडतं: दोष कुकरात की डाळीत?

शिट्टी होत नाही. झाली तर वाफेऐवजी पिवळं पाणी उडतं आणि झाकण, शेगडी, मागच्या टाइल्स सगळं माखून जातं. काल डाळ मऊसूत शिजली होती. आज तीच डाळ, तेवढंच पाणी, तेवढ्याच शिट्ट्या, तरी दाणा बोटाला टचटचीत लागतो. रिंग बदलली की चार दिवस बरे जातात आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

पुण्यातल्या घरांत कुकर दिवसातून एकदा तरी लागतोच. तळाशी पाणी, त्यावर वरणाचा डबा, त्यावर भाताचा, फटीत दोन बटाटे खोचलेले. एका शेगडीवर अर्धा स्वयंपाक मार्गी लागतो. मिक्सर बंद पडला तर पाटा नाही तरी खलबत्ता असतो. कुकर अडला की मात्र सकाळचे डबेच अडतात. स्वयंपाकघरातलं माझं सगळ्यात लाडकं साधन कोणतं असं कुणी विचारलं तर मी डोळे झाकून कुकरचं नाव घेईन, आणि म्हणूनच त्याची दुखणी नीट समजून घ्यावीत असं मला मनापासून वाटतं.

हा त्रास वारंवार होतो याचं कारण साधं आहे. तीन वेगवेगळे दोष बाहेरून अगदी एकसारखे दिसतात. एक, वाफ झाकणाच्या काठातून निसटते. दोन, वाफेची नळी तुंबलेली असते. तीन, कुकर ठणठणीत असतो आणि गोंधळ आतली डाळ किंवा पाणी घालतं. आपण तिन्हींवर एकच औषध करतो: नवी रिंग. दोष पहिला असेल तर गुण येतो. बाकी दोन वेळा रिंगेचे पैसे जातात आणि दुखणं तिथंच राहतं. म्हणून दुकानात जायच्या आधी दोष कोणता ते ओळखा.

आधी नुसतं पाणी उकळून पाहा

डाळ नाही, तांदूळ नाही, डबे नाहीत. रिकाम्या कुकरात दोन-तीन वाट्या पाणी घाला, रिंग नीट बसवा, झाकण लावा, पण शिट्टी अजून ठेवू नका. गॅस मोठा करा आणि दुसऱ्या कामाला न लागता तिथंच उभ्या राहा.

काही मिनिटांत झाकणावरच्या नळीतून वाफ यायला लागेल. सुरुवातीला ती थांबत थांबत येते, थुंकल्यासारखी. मग एक सरळ, जोरकस धार लागते. नीट पाहिलं तर नळीच्या तोंडाशी ती दिसतच नाही; थोडी वर गेल्यावर पांढरी होते. अशी धार लागली की शिट्टी ठेवा. आत राहिलेली हवा तोवर बाहेर पडलेली असते आणि कुकरात खरोखर वाफच उरते. बहुतेक कुकरांच्या माहितीपुस्तकात हीच पद्धत दिलेली असते. पण घाईत आपण शिट्टी आधीच लावून मोकळे होतो. रोजच्या वरणभाताला त्यानं फार बिघडत नाही. चाचणीला मात्र हे पाळाच, कारण नळी मोकळी आहे की नाही ते इथंच कळतं.

आता काय होतंय ते बघा. शिट्टी ठसक्यात उचलली गेली, कोरडी वाफ आली आणि झाकणाचा काठ कोरडा राहिला, तर कुकर निर्दोष आहे. त्याला बोल लावू नका. तुमचं उत्तर पुढं डाळीच्या भागात आहे. शिट्टी उचलण्याआधीच काठातून फिस्स असा आवाज आणि पाण्याचे थेंब येत राहिले, तर दोष काठाचा. शिट्टी ठेवण्याआधीच नळीतून वाफ बारीक, अडखळत येत होती, तर नळी तुंबलेली आहे. गॅस लगेच बंद करा, कुकर आपोआप गार होऊ द्या आणि नळी साफ केल्याशिवाय त्यात काहीही शिजवू नका. शिट्टी उचलली न जाता नुसती सुरसुरत राहिली, तर तिच्या बुडाशी किंवा नळीच्या तोंडावर काहीतरी चिकटलेलं आहे, किंवा आच कमी पडतेय.

एक खुलासा. हॉकिन्ससारख्या कुकरात झाकण आतून बसतं. तिथं वाफ कोंडेपर्यंत काठातून थोडी वाफ, दोन-चार थेंब येतात आणि मग झाकण वर दाबलं गेलं की आपसूक थांबतात. हा दोष नाही. दाब धरल्यावरही गळत राहिलं तरच चिंता करा.

काठातून वाफ जात असेल तर

रिंग काढून हातात घ्या. बोटांनी वाकवून बघा. वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या, रबर कडक लागलं, किंवा झाकणाच्या खाचेत ती सैल फिरायला लागली, की तिचं आयुष्य संपलं. रोज कुकर लागणाऱ्या घरात साधारण वर्षभरात ही वेळ येते. रिंग फ्रिजमध्ये ठेवून लावायची युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे. पाहुणे दारात असताना एक वेळ भागते, त्यापुढं तिच्यावर विसंबू नका. काठाला कणीक थापणं मात्र कधीच करू नका. वाफेनं ती सुटते, आत पडते, नळीत शिरू शकते, आणि गळती बंद करता करता वाट तुंबवून ठेवते.

नवी रिंग घेताना जुनी रिंग आणि झाकण दोन्ही पिशवीत टाकून न्या. 'पाच लिटरची द्या' एवढं पुरत नाही. एकाच कंपनीच्या पाच लिटरच्या दोन कुकरांच्या रिंगा वेगळ्या असू शकतात. तुळशीबागेत किंवा रविवार पेठेतल्या भांड्यांच्या दुकानात अनुभवी दुकानदार रिंग झाकणात बसवून, बोटानं दाबून बघतो आणि मगच पैसे घेतो. अशा माणसाकडून घ्या. रस्त्यावरची बिननावाची रिंग स्वस्त मिळते, पण जाडीत केसाचा फरक असला तरी झाकण फिरताना घट्ट जातं किंवा वाफ सोडतं.

रिंग नवी आणि तरी गळती? मग काठ बघा. झाकण बाहेरून बसणारा कुकर असेल तर भांडं ओट्याच्या सपाट ग्रॅनाइटवर पालथं घाला. डुगडुगलं किंवा एखाद्या ठिकाणी फट दिसली तर काठ वाकलाय. हे बहुतेक वेळा एका सवयीमुळं होतं: वरण ढवळून झालं की डाव कुकरच्या काठावर ठण्‌ठण्‌ आपटून झटकायचा. स्टीलचा डाव, ॲल्युमिनियमचा काठ. वर्षानुवर्षं आपटून आपटून काठाला बारीक पोचे पडतात, आणि त्या पोच्यातून वाफ गेली की कितीही नवी रिंग घाला, उपयोग शून्य. घरात स्वयंपाकाला मावशी येत असतील तर त्यांनाही हे नीट समजावून सांगा. कारण कळलं की सवय सुटते. डाव झटकायचाच असेल तर हाताच्या तळव्यावर हलकेच झटका.

मुठींचे स्क्रूही तपासा. मूठ सैल झाली की झाकण आणि भांडं एका रेषेत बसत नाही, आणि गळती बरोबर मुठीच्या बाजूनंच होते. स्क्रू ड्रायव्हरचं दोन मिनिटांचं काम आहे.

धुऊन झाल्यावर रिंग काढून पुसा आणि झाकण कुकरवर पालथं ठेवा. झाकण लावूनच कुकर मांडणीत ठेवला तर रिंग दिवसरात्र दबलेली राहते आणि चपटी होते.

नळी आणि शिट्टी

झाकण उजेडाकडं धरून नळीतून बघा. पलीकडचा उजेड गोल, स्वच्छ दिसला पाहिजे. अर्धा गोल दिसला तर आत मुगाचं साल, तांदळाची कणी किंवा वाळलेला डाळीचा फेस आहे. जाड सुईनं किंवा तारेनं मोकळी करा, मग नळाखाली धरा. पाण्याची अखंड धार पलीकडं पडली पाहिजे. हे झाकण धुतानाच रोज बघितलं तर अर्धी दुखणी येणारच नाहीत. ज्या घरात मोडाची कडधान्यं, सालाची मुगाची डाळ किंवा पालेभाजी थेट कुकरात शिजते, तिथं तर हे बघितल्याशिवाय झाकण लावूच नये.

शिट्टी वेगळी काढून गरम पाण्यात थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घालून अर्धा तास बुडवून ठेवा. बोअरचं पाणी असेल तर तिच्या आत पांढरा क्षार धरलेला असतो, तो सुटतो. मग जुन्या टूथब्रशनं घासा आणि हलवून पाहा, आतला भाग मोकळा वाजला पाहिजे.

आच कमी पडण्याबद्दल थोडंसं. सोसायटीत पाइपचा गॅस आल्यावर 'तेव्हापासून कुकर वेळ लावतो' अशी तक्रार बरेचजण करतात. पाइपमधल्या नैसर्गिक वायूत तेवढ्याच आकारमानात सिलिंडरच्या गॅसपेक्षा कमी उष्णता असते, म्हणून शेगडीचे जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक तोट्या, मोठ्या भोकाचे बसवावे लागतात. ते बदललेले नसतील किंवा बर्नरची भोकं तुंबली असतील, तर ज्योत लहान पडते आणि किंचित गळक्या रिंगेचा कुकर वाफ धरूच शकत नाही.

कुकर ठीक आहे, तरी पिवळं पाणी उडतं

आता खरा मुद्दा. नुसत्या पाण्यात कुकर शहाण्यासारखा वागतो आणि डाळ घातली की पिचकाऱ्या मारतो. इथं कुकरची एकही गोष्ट बदलायची गरज नाही.

डाळीत प्रथिनं असतात आणि सॅपोनिन नावाची द्रव्यं असतात. दोन्हींमुळं उकळताना घट्ट, टिकाऊ फेस येतो. मोठ्या आचेवर शिट्टी उचलली गेली की आतला दाब एकदम उतरतो, आणि दाब उतरताच आतलं सगळं पाणी एका झटक्यात भसाभस उकळतं. फेस वर उसळतो, नळीपर्यंत पोचतो आणि वाफेबरोबर बाहेर फेकला जातो. थोडा फेस नळीत वाळतो. पुढच्या वेळी नळी आणखी अरुंद झालेली असते. म्हणजे आज ओटा घाण करणारा फेसच उद्या नळी तुंबवतो, आणि आपण शिट्टीला दोष देत बसतो.

यावर सगळ्यात मोठा उपाय आचेचा. पहिली शिट्टी होईपर्यंत गॅस मोठा ठेवा. शिट्टी हलायला लागली, सुरसुर वाढली, की लगेच मंद करा. एकदा दाब धरला की तो टिकवायला अगदी थोडी आच पुरते. त्यापुढं मोठ्या गॅसवर धडाधड शिट्ट्या काढण्यात गॅसही जातो आणि फेसही उडतो.

दुसरा उपाय भरण्याचा. थेट कुकरात डाळ लावत असाल तर डाळ आणि पाणी मिळून भांड्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर जाऊ देऊ नका. तांदूळ किंवा कडधान्य असेल तर निम्म्यावर थांबा. बाकी भाज्या, बटाटे कितीही कोंबावेसे वाटले तरी दोन तृतीयांशाच्या वर नाही. तीन लिटरच्या कुकरात सात माणसांचं वरण शिजवायचा हट्ट धरला तर तो उतू जाणारच.

डबे लावत असाल तर वरणाचा डबा काठोकाठ भरू नका. डाळ फुगते, फेस डब्याबाहेर सांडतो, तळाच्या पाण्यात मिसळतो, आणि मग ते तळाचं पाणी पिवळं होऊन शिट्टीतून येतं. डब्यावर ताटली ठेवा, पण घट्ट बसणारं झाकण नको, वाफ आत शिरली पाहिजे. तळाला पाणी दोन वाट्या पुरे. ते डब्याच्या निम्म्यापर्यंत आलं तर उकळून डब्यात शिरतं आणि भात गुरगुट्या होतो. तळाची जाळी हरवली असेल तर नवी आणा. डबे बुडाला टेकले की खडखड वाजतात आणि पाणी वेडंवाकडं उसळतं.

डाळ पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, अर्धा तास भिजवा, आणि शिजवताना त्यात चमचाभर तेल घाला. तेलानं फेसाचे बुडबुडे फुटतात. आपल्याकडं डाळीत हळद-हिंगाबरोबर तेलाचा थेंब टाकायची जुनी रीत आहे ती यासाठी उत्तम. वेळ असेल तर झाकण न लावता एक उकळी आणून वर आलेला फेस डावानं काढून टाका. मुगाच्या आणि मसुराच्या डाळीला हे फार उपयोगी पडतं. इंद्रायणी किंवा आंबेमोहोरसारखा चिकट तांदूळ थेट कुकरात लावलात तर त्याचंही पांढरं पाणी असंच उसळतं. तो डब्यातच लावलेला बरा.

आणि वाफ जिरण्याआधी डावाच्या टोकानं शिट्टी उचलून वाफ सोडायची घाई डाळीच्या कुकराला करू नका. हे तर हातानं बोलावलेलं संकट आहे. उकळती डाळ थेट हातावर, तोंडावर येते.

शिट्ट्या झाल्या चार, तरी डाळ कच्ची

आपल्या सगळ्या पाककृती शिट्ट्यांत सांगितलेल्या असतात. 'तीन शिट्ट्या काढ.' पण शिट्टी वेळ मोजायला केलेलीच नाही. ती दाबाची मर्यादा राखणारी झडप आहे. डेनी पापँ या फ्रेंच माणसानं १६७९ मध्ये लंडनमध्ये वाफ कोंडून शिजवणारं भांडं दाखवलं, आणि जास्तीची वाफ सोडणाऱ्या झडपेची कल्पनाही त्याचीच. मोठ्या आचेवर चार शिट्ट्या पाच मिनिटांत होतील, मंद आचेवर त्याच चारांना वीस मिनिटं लागतील. रिंग जरा गळकी असली की शिट्ट्यांमधलं अंतर आणखी बदलतं. मग काल शिजलेली डाळ आज कच्ची राहिली यात नवल काय?

म्हणून पहिल्या शिट्टीनंतर गॅस मंद करा आणि घड्याळ बघा. आमच्या घरी अर्धा तास भिजलेली तूरडाळ थेट कुकरात असेल तर मंद आचेवर सात-आठ मिनिटं, डब्यात असेल तर दहा-बारा. पुरणासाठी दोन तास भिजवलेली हरभऱ्याची डाळ बारा ते पंधरा मिनिटं; ती बोटचेपी हवी, पण कट गाळण्याआधी तिचा लगदा व्हायला नको. रात्रभर भिजलेले काबुली चणे वीस मिनिटं. त्यानंतर कुकर आपोआप पडू द्या. त्या दहा मिनिटांतही डाळ शिजतच असते, ती वेळ धरूनच हा हिशेब आहे. तुमची शेगडी, तुमचा कुकर वेगळा, तेव्हा एक-दोनदा लावून आपला आकडा ठरवा आणि तो कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

कुकर एवढा उपयोगी का, तेही सांगते. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, त्यामुळं उघड्या पातेल्यात पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. महाबळेश्वरला तर साधारण ९५ अंशांना. कुकरात दाब कोंडल्यामुळं तेच पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत जातं. तूरडाळीला हा वीस-बावीस अंशांचा फरकच शिजवतो. वाफ काठातून निसटत असेल तर हा फरक मिळतच नाही. आत डाळ नुसती उकळत बसते, शिजत नाही.

तरीही डाळ शिजत नसेल तर पाणी बघा

ही गोष्ट पुण्याच्या नव्या वस्त्यांत हमखास अनुभवाला येते. माझी जाऊ नारायण पेठेतून वाघोलीला राहायला गेली. तिची वीस वर्षांची हातखंडा आमटी तिथं बिघडायला लागली. आधी रिंग बदलली, मग शिट्टी, मग दुकानदार, मग डाळ. शेवटी नवा कुकर घेतला आणि मला फोन केला.

"ताई, नवा कुकर पण तसाच निघाला हो. सात शिट्ट्या केल्या, डाळ नुसती फुटलीये, घोटली जात नाहीये."

"अगं, कुकर राहू दे बाजूला. डाळीला पाणी कुठलं घालतेस?"

"नळाचंच. म्हणजे टँकरचं येतं ना इथं. प्यायला तेवढं आरओचं घेतो."

"अंगाच्या साबणाला फेस येतो का तिथं?"

"कुठला येतोय! आणि बादल्यांवर ही पांढरी पुटं चढलीत."

"मग आज डाळ प्यायच्या पाण्यात भिजव आणि त्यातच शिजव. बाकी काही बदलू नकोस."

दुपारी तिचा निरोप आला की डाळ रवी फिरवताच एकजीव झाली.

महापालिकेचं पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांतून येतं. ते पावसाचं, वरचं पाणी. त्यात क्षार कमी. टँकर आणि बोअरचं पाणी काळ्या बेसॉल्टच्या खडकातून मुरलेलं असतं आणि त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर असतं. डाळीच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या चिकट द्रव्यानं चिकटलेल्या असतात. साध्या पाण्यात ते पेक्टिन शिजताना विरघळतं आणि दाणा विस्कटतो. कॅल्शियम मात्र त्याला धरून ठेवतं आणि दाणा आखडतो. जुनी डाळ असेल तर आणखीच कठीण, कारण उष्ण, दमट जागी साठवलेली डाळ मुळातच शिजायला जड होते. त्यामुळं वर्षाची डाळ भरणाऱ्यांनी पावसाळ्यानंतर तिच्या शिजण्याची वेळ थोडी वाढवून धरावी.

उपाय महाग नाही. डाळ भिजवायला आणि शिजवायला आरओचं पाणी घ्या. तळाला, डब्याखाली, नळाचं चालेल. नुसत्या यूव्हीच्या फिल्टरनं जंतू मरतात, क्षार जात नाहीत, तेव्हा तुमचा फिल्टर कोणता ते आधी बघा. आरओ नसेल तर पाणी दहा मिनिटं खळखळ उकळून गार करा आणि तळाला बसलेला पांढरा गाळ सोडून वरचं वापरा. क्षारांचा एक भाग असा निघून जातो. खायच्या सोड्याची चिमूट टाकली तर डाळ नक्की मऊ होते, पण चव साबणासारखी उतरते आणि ब-१ जीवनसत्त्व बरंच नष्ट होतं. रोजच्या वरणात मी सोडा कधीच घालू देणार नाही.

चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ शिजल्यावरच घाला. आंबटपणानंही दाणा आखडतो. 'सगळं एकदम कुकरात' या घाईच्या आमटीत डाळ कच्ची राहते ती बहुधा याच कारणानं.

ॲल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडतो तोही या क्षारांमुळंच. तळाच्या पाण्यात लिंबाची पिळलेली फोड किंवा चिंचेचं बुटुक टाकत चला.

झाकण उघडत नाही

कुकर पूर्ण गार झाला आणि शिट्टी वरच राहिली तर आतली वाफ पाणी होऊन बसते, आत पोकळी तयार होते आणि बाहेरची हवा झाकण दाबून धरते. आपटू नका, पकडीनं पिळू नका. शिट्टी उचला, 'सूं' असा हवा आत जायचा आवाज येईल, झाकण सुटेल. तरी नाही सुटलं तर कुकर दोन मिनिटं मंद आचेवर ठेवा आणि वाफ जिरल्यावर पुन्हा प्रयत्न करा. शिट्टी उचलल्यावर वाफ बाहेर येत असेल तर आत अजून दाब आहे; हात लावू नका.

सेफ्टी व्हॉल्व्ह गेला तर

झाकणावर शिट्टीपासून थोडा दूर एक लहान व्हॉल्व्ह असतो. आतल्या बाजूनं बघितलं तर बऱ्याच कुकरांत त्याच्या मधोमध राखाडी धातूचा ठिपका दिसतो. तो लवकर वितळणारा मिश्रधातू असतो. कुकरातलं पाणी आटलं, किंवा नळी तुंबून आत उष्णता नको तेवढी वाढली, की तो वितळतो आणि वाफ मोठ्या आवाजात तिथून बाहेर पडते. घाबरायला होतं, पण त्यानं आपलं कामच केलेलं असतं. गॅस बंद करा, लांब उभ्या राहा.

त्या भोकात स्क्रू पिळून, एम-सील भरून कुकर चालवणारी घरं मी पाहिलीत. हे करू नका, मनापासून सांगते. ते भोक असं बुजवलं आणि नळीही तुंबली तर दाबाला निघायला वाटच उरत नाही. त्याच कंपनीचा नवा व्हॉल्व्ह शंभर-दोनशे रुपयांच्या घरात येतो; दुकानदारालाच पान्यानं घट्ट बसवून द्यायला सांगा. आणि नवा बसवण्याआधी जुना का वितळला ते शोधा. पाणी आटलं असेल तर काठ गळतोय का, गॅस मोठाच राहिला का. पाणी शिल्लक असेल तर नळी. कारण सापडल्याशिवाय नवा बसवलात तर तोही जाईल.

कुकर कधी बदलायचा? बूड फुगून ओट्यावर गिरकी घेत असेल, काठाला चीर गेली असेल, मुठीचे आटे झिजून स्क्रू धरतच नसतील, तेव्हा. इंडक्शनवर लावायचा असेल तर सपाट आणि चुंबक चिकटेल असंच बूड लागतं. साधा ॲल्युमिनियमचा तिथं तापणार नाही. नवा घेताना आयएसआय चिन्ह बघून घ्या. त्यावर आयएस २३४७ हा मानकाचा क्रमांक असतो, आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून या चिन्हाशिवाय घरगुती प्रेशर कुकर विकता येत नाही. ऑनलाइन घेतलात तर खोकं उघडल्या उघडल्या चिन्ह शोधा आणि नसेल तर परत पाठवा.

जुना कुकर मोडीत देताना त्याची शिट्टी 'असू दे कामाला' म्हणून ठेवून देऊ नका. प्रत्येक कंपनीच्या शिट्टीचं वजन तिच्या नळीच्या भोकाला जुळवून केलेलं असतं. दुसऱ्या कुकरवर ती बसली, वाजली, तरी आतला दाब कमी किंवा जास्त होतो, आणि तो किती झालाय ते बाहेरून कळायला काही मार्ग नसतो.